नवव्या होलचा डबा

आमच्या क्लबाचा इतिहास छापायचं ठरलंय म्हणे. परवा नवा सेक्रेटरी दुकानात आला, रुमालाने स्टूल झटकून बसला आणि त्याने मला पहिलं पान वाचून दाखवलं. 'डॉक्टर, हेडमास्तर आणि इतर काही उत्साही मंडळींनी क्लबाची स्थापना केली.' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, ते 'इतर काही' म्हणजे एकटे माझे सासरे! बाकीची उत्साही मंडळी आली ती नंतर, शेड बांधून झाल्यावर, बसायला बाक मिळाल्यावर. वर हा शहाणा मला विचारतो, काकू, नववा होल बाकीच्यांपेक्षा एवढा मोठा कसा? बाहेरगावचे लोक हसतात, ती चूक एकदाची दुरुस्त करून टाकू का?

म्हटलं, बाबा, आधी चहा पी. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेच इथे सांगते, कारण छापताना तो काय ठेवील आणि काय गाळील याचा मला काडीचाही भरवसा नाही.

मामंजी पत्र्याचं काम करायचे. खाली दुकान, वर आम्ही. बादल्या, नरसाळी, झाऱ्या, छपराच्या पन्हळी, जे मागाल ते. लग्न होऊन आले तेव्हा त्या ठोकाठोकीने माझं डोकं उठायचं. पुढे पुढे आवाज थांबला की मी जिन्यात येऊन बघायला लागले, काय झालं म्हणून. सासूबाई गेल्यावर मी खाली बसून पत्र्याच्या सांध्यांना कथलाचा डाख द्यायलाही शिकले. गल्लीत मामंजींना सगळे 'डबा' म्हणत. त्यांना राग यायचा नाही. हे नाव ठेवलं होतं समोरच्या घरातल्या त्यांच्या दोस्ताने, शाळेत एका बाकावर बसत तेव्हा. तो दोस्त पुढे हेडमास्तर झाला, मामंजी लवकर शाळा सोडून वडिलांच्या हातोड्याशी आले, पण दोघांचं अरे-तुरे काही सुटलं नाही.

गोल्फचं खूळ आणलं डॉक्टरांनी. मोठ्या शहरात शिकून आले ते पदवीबरोबर काठ्यांची एक पिशवीही घेऊन आले. पाण्याच्या टाकीमागे उताराची पडीक जमीन होती, तिथे बकऱ्या चरायच्या. डॉक्टरांनी खटपट करून ती जमीन खेळापुरती मिळवली, आणि गवत कापायचं काम बकऱ्यांकडेच ठेवलं. सकाळी सकाळी डॉक्टर, मास्तर आणि मामंजी असे तिघे फावडी घेऊन निघायचे. दगड वेचले, खड्डे बुजवले, मामंजींनी दुकानातला उरलासुरला पत्रा जोडून शेड उभी केली. काठ्यांची पिशवी एकच, ती तिघांत. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणायच्या, घोड्यासारखी वाढलेली माणसं काठीने गोळी ढकलत हिंडतात आणि याला म्हणे खेळ म्हणायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉल लांबून मारत मारत आणायचा आणि शेवटी बारीक गवताच्या तुकड्यावर, त्याला ग्रीन म्हणतात, हलकेच ढकलून जमिनीतल्या भोकात पाडायचा. ते भोक म्हणजे होल. आमच्याकडे असे नऊ. माती आत ढासळू नये म्हणून होलमध्ये पत्र्याचा डबा बसवतात. आता डबे म्हटल्यावर ते कोण करणार?

डॉक्टरांनी मापासाठी एका जाड पाइपचा तुकडा आणून दिला. भोक एवढं हवं, म्हणाले. त्यांच्या मनात पाइपची बाहेरची कड होती. पण मामंजींकडे जन्मभर गिऱ्हाईक यायचं ते पेटी नाहीतर पिंप घेऊन, याला आतून पत्रा बसवा म्हणत. हातात काही पोकळ आलं की त्याच्या आत चपखल बसेल असं करायचं, हीच त्यांची सवय. त्यांनी पाइपच्या आत बसतील असे डबे केले. शिवाय प्रत्येकाचा काठ आत वळवला, कारण उघड्या धारेची वस्तू आमच्या दुकानातून बाहेर जात नसे. कुणाचं बोट कापलं तर? डॉक्टरांनी एक डबा पाइपात सरकवून बघितला, अगदी अलगद बसला, वाहवा म्हणाले. मग खड्डेही डब्याच्या मापाने खणले. झालं. नऊच्या नऊही होल खेळाच्या नियमापेक्षा चांगले बोटभर अरुंद, आणि कुणाला पत्ता नाही.

कळणार तरी कसं? जवळपास दुसरं मैदानच नव्हतं. बॉल काठावर यायचा, एक गिरकी घ्यायचा आणि बाहेर. डॉक्टर बकऱ्यांना शिव्या द्यायचे. नवीन सभासद रडकुंडीला यायचे, त्यांना मास्तर सांगायचे, हात स्थिर ठेवा, खेळाला नावं ठेवू नका. मास्तरांना ते शोभायचं. फळ्यावर त्यांचं अक्षर बघावं, ओळ कुठे वर नाही की खाली नाही. त्या अरुंद होलातसुद्धा त्यांचा बॉल निमूट जाऊन पडायचा.

आणि मग तो पडेनासा झाला. नववा होल शेडच्या अगदी पुढ्यात, सगळे चहा पीत तिथेच बसलेले. त्यांच्यादेखत मास्तरांचा वीतभरावरचा बॉल काठाला लागून बाहेर आला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. त्या दिवशी ते आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे राहिले. मग काठी शेडमध्ये ठेवली आणि घरी गेले, ते पुन्हा मैदानावर फिरकले नाहीत.

त्यांच्या वडिलांचा हात उतारवयात कापायचा. इतका, की शेवटी त्यांना भरवावं लागायचं, आणि ते भरवायचे मास्तरच. आपल्यालाही तेच होणार, ही धास्ती त्या माणसाने जन्मभर मनात धरली होती, ती आता वर आली. शाळेत फळ्यावर लिहायचं सोडलं. आमच्याकडे यायचं सोडलं, कारण आलं की चहाचा कप हातात धरावा लागतो. मामंजी रोज समोर जायचे. दार उघडायचं, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, मैदानाचं नाव काढलं की मास्तर झोप आल्याचं सांगून उठायचे. मामंजींचं जेवणावरचं मन उडालं. मला म्हणायचे, तो घरात बसून स्वतःला म्हातारा करून घेतोय गं, आणि मला काही करता येत नाही.

असं बरंच चाललं. मग मोठ्या शहरातल्या क्लबाने आमच्या मंडळींना सामन्याला बोलावलं. मास्तरांच्या जागी मामंजींना घेतलं, दुसरं कुणी नव्हतंच. मी चहाचा थर्मास आणि सगळ्यांचे स्वेटर सांभाळायला बरोबर गेले. काय सांगू, पहिल्या ग्रीनपासून आमच्या लोकांचे बॉल असे टपाटप पडायला लागले की यजमान एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर तर हवेत होते. मामंजींचाही पडला. ते तो काढायला वाकले, होलात हात घातला आणि तसेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. जवळ गेले तर चेहरा पांढराफटक पडलेला.

सामना आम्ही जिंकलो, येताना गाडीत सगळे गात होते, आणि मामंजी खिडकीशी तोंड करून बसलेले. घरी आल्यावर सरळ दुकानात गेले, पाइपचा तो जुना तुकडा शोधून काढला, कपाटातला एक जास्तीचा डबा काढला, दोन्ही मांडीवर घेऊन बसले. आपल्याकडे बॉल काढताना बोटं काठाला घासतात, म्हणाले. तिथे हात आत मोकळा फिरला. मग पाइपच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवून मला दाखवलं, हे माप होतं.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, मामंजी, नवे डबे करा, गुपचूप बदलून टाका. क्लब तुमच्यावर उभा आहे, कोण विचारणार आहे?

ते म्हणाले, "आणि मास्तर? त्याला कोण सांगणार, की तो चुकत नव्हता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग वाहवा म्हणाल्याचं आठवून डोकं धरून बसले. पण डॉक्टरांना सांगणं सोपं होतं. समोरच्या घरात जायला मामंजींना दुपार लागली. दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले. शेवटी मला म्हणाले, तू चल, तू असलीस म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मास्तर टेबलाशी बसले होते, हात टेबलाखाली. मास्तरीणबाई चहा ठेवायला आत गेल्या. मामंजींनी जुना डबा आणि रात्री बसून खऱ्या मापाचा केलेला नवा डबा शेजारी शेजारी ठेवले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाइप, आतलं माप, वळवलेला काठ. बस म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी म्हणाले, माझ्या हातून तुझा खेळ गेला, तुला काय बोलायचं ते बोल.

मास्तरांनी दोन्ही डब्यांकडे बघितलं. मग त्यांनी टेबलाखालचा उजवा हात वर काढला आणि जुना डबा उचलला. डबा हातात खुळखुळायला लागला. रिकामाच होता, पण वळवलेल्या काठावर त्यांची अंगठी आपटत होती, टकटक टकटक, थांबेचना. ती टकटक त्यांनी ऐकली, मामंजींनी ऐकली, मी ऐकली. हात खरंच कापत होता. अरुंद डबा होता हे खरं आणि हात कापत होता हेही खरं, आणि आता या दोघांनी काय करायचं?

मास्तरांनी डबा खाली ठेवला. "म्हणजे माझा हात चुकत नव्हता," ते म्हणाले. "डबा चुकत होता."

मामंजी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "डबाच."

एवढंच. मामंजींना मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. मास्तरांनी कप स्वतः उचलला, थोडा बशीत सांडला, तसाच प्यायले. आणि रविवारी काठी घेऊन मैदानावर हजर.

नवे डबे बसले. मास्तरांचे बॉल पडायला लागले. सगळे नाही, पण पुरेसे. शेडमध्ये पुन्हा त्यांची बडबड सुरू झाली, फळ्यावर वेडंवाकडं का होईना लिहायला लागले, आणि बॉल चुकला की मोठ्याने म्हणायचे, डब्या, तुझा डबा! सगळे हसायचे, मामंजी सगळ्यांत जास्त. मी मात्र दुकानात बसून होते, म्हणून मला पुढचं दिसलं. डबे जमिनीत गंजतात, दरवर्षी बदलावे लागतात. एका वर्षी मी डाख द्यायला नववा डबा हातात घेतला तर तो पाइपच्या मापापेक्षा जरासा मोठा. पुढच्या वर्षी आणखी जरासा. म्हटलं, मामंजी, नववा वाढतोय हो. ते मान वर न करता म्हणाले, वय झालं गं, माझाही हात चुकतो आता. बाकीच्या आठांत मात्र केसाचाही फरक नव्हता. मी काठ नीट वळवला आणि डाख दिला.

मास्तरांच्या हाताचा कंप वाढत गेला तसा तो डबा वाढत गेला. डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, मला खात्री आहे, पण त्या माणसाने ब्र काढला नाही. आठ होल मास्तर कसेही खेळोत, शेडसमोरच्या नवव्यात, सगळ्यांच्या देखत, त्यांचा बॉल पडायचा.

शेवटच्या वर्षी त्यांना चालवत नव्हतं. फक्त नववा खेळतो म्हणाले. मी आणि मामंजी दोन्ही बाजूंनी होतो. काठी हातात ठरत नव्हती, बॉल निघाला तोही भलतीकडे, पण वळून वळून, लाजत लाजत गेला आणि पडला. शेडमधून टाळ्या आल्या. मी बॉल काढायला वाकले तर मास्तरांनी मला थांबवलं. मीच काढतो म्हणाले. गुडघ्यावर बसले, होलात हात घातला आणि बॉल सोडून त्याच्या काठावरून बोटं फिरवली, सबंध फेरी. मग मूठ आत घालून हलवून बघितली. ती थरथरत होती तरी कुठेच लागत नव्हती.

त्यांनी मान वर करून मामंजींकडे बघितलं. "डब्या," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी सरळ बादलीच बसव."

मामंजी म्हणाले, "पत्रा आणून ठेवलाय."

दोघं हसायला लागले. मास्तर गवतात बसून, मामंजी त्यांच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेडमधल्या लोकांना वाटलं, बॉल पडला म्हणून हसताहेत.

पुढच्या वर्षी मास्तर नव्हते. मामंजींनी नवव्यासाठी डबा केला तो त्याच मापाचा. नंतर मामंजीही गेले. आता दरवर्षी तो डबा मी करते, तेवढाच, काठ आत वळवून. तो आणून ठेवलेला पत्रा अजून दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. सेक्रेटरीने जाताना विचारलं, काकू, हा विकायचा आहे का? मी म्हटलं, नाही रे बाबा, तो मास्तरांचा आहे.