बिनफ्रेमची नदी

पडदेवाल्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. उभा जन्म नाटकांचे पडदे रंगवण्यात गेलेला. राजवाडे रंगवले, तुरुंग रंगवले, एकदा तर अख्खा समुद्र वादळासकट उभा केला. स्वतः राहिले दोन खोल्यांत, पण महाल म्हणाल तितके दुसऱ्यांना बांधून दिले. जमिनीवर कापड अंथरायचं, सरसात कालवलेल्या रंगाची बादली घ्यायची आणि अनवाणी त्या कापडावर चालत, लांब दांड्याच्या कुंच्याने झाडं उठवायची, ही त्यांची रीत.

नाटक सुरू होण्याआधी नटांची नावं पुकारत, चहा पुरवणाऱ्याचेही आभार मानत. पडदेवाल्यांचं नाव काही कुणी घेतलं नाही, आणि या भल्या माणसाने ते कधी मागितलंही नाही. नाटक बंद पडलं की पडदा धुऊन त्याच कापडावर पुढच्या नाटकाचं गाव रंगवायचं. त्यामुळे एवढं सगळं करून हाती उरला एकच पडदा. मधून वाहणारी नदी, पलीकडे झाडी, अलीकडे काठावरची पायवाट. तो उरला, कारण तालमीतच मंडळींची हमरीतुमरी झाली आणि नाटक रंगमंचावर आलंच नाही. कलावंतांच्या भांडणातून काही चांगलं निघाल्याचं मला तरी हे एकच उदाहरण माहीत आहे.

लेक नर्स. तिने आणि जावयाने नवं घर घेतलं, तेव्हा सामान लागायच्या आधीच तिने जाहीर केलं, "बैठकीच्या मोठ्या भिंतीवर बाबांची नदी लागणार."

पडदेवाल्यांची छाती फुगली आणि लगेच धास्तीही वाटली. आजवर त्यांचं काम लोकांनी लांबून पाहिलं होतं, दिव्यांच्या झोतात, नटांच्या खांद्यांवरून. इथे पाहुणा सोफ्यावर बसणार आणि नुसती मान वळवली की नदी त्याच्या नाकाला लागणार.

जावई हौशी. त्याने पडदा तात्पुरता भिंतीवर टांगला आणि फ्रेमवाल्याला बोलावलं. फ्रेमवाल्याने भिंत मोजली, पडदा मोजला आणि डोकं खाजवलं.

"पडदा भिंतीपेक्षा मोठा आहे. मधला चांगला तुकडा कापून घेऊ. सोनेरी चौकट, वर काच. झकास दिसेल." मग चष्मा नाकावर नीट बसवून तो कापडापाशी वाकला. "काका, हा दगड आहे की म्हैस?"

"झाड आहे," पडदेवाले म्हणाले.

"असं होय!" फ्रेमवाला इतक्या समजूतदारपणे म्हणाला, की त्यापेक्षा तो खो खो हसला असता तर बरं झालं असतं.

कापायचं की नाही ते नंतर कळवू, असं सांगून लेकीने त्याला वाटेला लावलं. पण ती म्हैस काही पडदेवाल्यांच्या डोक्यातून उठेना. दुसऱ्या दिवशी लेक-जावई कामावर गेल्यावर त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बाजारातून बारीक ब्रश आणले, स्टूल ओढलं आणि पलीकडच्या काठावरचं मोठं झाड पान पान करून रंगवायला घेतलं. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण माणूस हटला नाही. जवळून पाहिलं तर प्रत्येक पान खरं वाटावं असं काम झालं होतं.

संध्याकाळी लेक आली. दार उघडल्यावर लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला बैठक, असं ते घर. ती दारातच थबकली.

"बाबा, झाडाला काय झालं?"

"पानं काढली. जवळ येऊन बघ, एकेक शीर दिसेल."

"शिरा मी दवाखान्यात दिवसभर बघते!" ती कडाडली. "इथून बघा तुम्ही. काजळी धरल्यासारखं दिसतंय."

पडदेवाले दारापर्यंत आले आणि त्यांचा चेहरा पडला. लांबून पानं दिसतच नव्हती. कालपर्यंत उन्हात डोलणाऱ्या झाडाचा एक मळकट ठिपका झाला होता. ज्या माणसाने जन्मभर शेवटच्या रांगेसाठी रंगवलं, तो शेवटची रांगच विसरला होता.

"हे तुम्ही रंगवलेलं नाही," लेक म्हणाली. "घाबरलेल्या माणसाने रंगवलंय."

"अगं, उद्या तुझी सासू येईल, नाक लावून बघेल. हिच्या बापाला साधं झाड काढता येत नाही म्हणेल. तुला खाली बघायला लागेल."

"मला? लहानपणी तुम्ही मला शेवटच्या रांगेत बसवून आत निघून जायचात. पडदा दिसला रे दिसला, की मी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, ते जंगल माझ्या बाबांनी केलंय. लोक गप्प बस म्हणून डोळे वटारायचे, तरी सांगायचे. तेव्हा मला लाज वाटली नाही, ती आता वाटेल होय?"

हे पडदेवाल्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी बारीक ब्रश गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तो सोफा जरा गच्चीत काढता येईल का?"

सुट्टीच्या दिवशी सोफा बाहेर गेला, पडदा जमिनीवर आला. पडदेवाल्यांनी ओल्या फडक्याने ती कष्टाची पानं पुसून काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुंचा बादलीत बुडवला. पाच-सहा फटकाऱ्यांत झाड पुन्हा उन्हात उभं राहिलं. जावई तोंड उघडं टाकून बघत होता. बापाचा हात चालताना लेकीला अभिमान इतका दाटून आला, की ती उगाचच फरशी पुसत बसली.

"चौकट नको, काच नको, कात्री तर मुळीच नको," पडदेवाल्यांनी फ्रेमवाल्याला सांगितलं. "वर एक दांडा, खाली एक दांडा. पायवाटेखालचं जास्तीचं कापड खालच्या दांड्यावर गुंडाळायचं. डावीकडची झाडी कोपऱ्यातून शेजारच्या भिंतीवर वळू दे."

"मग मला कशाला बोलावलंत?" फ्रेमवाला फुरंगटून म्हणाला. पण दांडे त्याने मन लावून बसवले.

पुढच्या आठवड्यात विहीणबाई आल्या. चहाचा कप घेऊन तडक भिंतीपाशी गेल्या आणि नाक लावून म्हणाल्या, "हे काय, नुसते फराटेच की!"

जावई छताकडे बघायला लागला. पडद्यालगतच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या लेकीने तोंड उघडलं, पण पडदेवाले आधीच उठले होते.

"फराटेच आहेत, विहीणबाई. कुंच्याचे आहेत. माझ्याबरोबर जरा दारापर्यंत चला."

विहीणबाई दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि कप बशीत ठेवायचा विसरल्या. बोळाच्या टोकाला नदी वाहत होती, झाडावर ऊन होतं आणि ड्यूटी करून दमलेली लेक पायवाटेच्या कडेला निवांत टेकून बसली होती.

"अगंबाई! ही तर काठावर जाऊन बसलीय!" त्या म्हणाल्या. "हे तुमच्या हातचं?"

इतकी वर्षं पडदेवाल्यांच्या पडद्यांपुढे परकी माणसं उभी राहिली होती. घरचं माणूस आज पहिल्यांदाच बसलं होतं.

"नदी माझी," पडदेवाले म्हणाले, "आणि तिच्यापुढे बसलीय ना, तीही माझी."

हे त्यांनी चांगलं मोठ्याने सांगितलं.