हल्लेखोर : अज्ञात

सीमेवर तणाव होता त्या आठवड्यात आमच्या कॉलेजची वेबसाइट कुणीतरी फोडली. सकाळी उघडून बघितलं तर प्रवेशाच्या सूचनांच्या जागी शेजारी देशाचा झेंडा आणि खाली शिव्या. दुपारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथं राज्यशास्त्र शिकवते आणि तेव्हा देशादेशांतल्या सायबर संघर्षावर पीएचडी करत होते.

"मॅडम, पत्रकार येतायत. शत्रुराष्ट्रानं हल्ला केला, एवढं सांगा. तुमचाच विषय आहे."

"पण सर, कुणी केलं ते अजून माहीत नाही."

"झेंडा दिसत नाही का?"

"झेंडा कुणीही लावू शकतं."

ते हसले. "अज्ञात म्हणायला पीएचडी कशाला लागते हो?"

लागते. माझं कामच ते होतं. एका देशानं दुसऱ्यावर केला असं सांगितलं जाणारा एकेक सायबर हल्ला घ्यायचा. काय बिघडलं, किती काळ, कुणी केलं आणि ते कशावरून ठरवलं, हे तपासायचं. नुसता एखाद्या सरकारचा आरोप मला पुरत नसे. वेगळा पुरावा मिळाला नाही तर हल्लेखोराच्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहायचे. विषय निवडला तेव्हाही एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ऐकवलं होतं, "सोलापुरात बसून कसलं सायबर? जिल्हा परिषदेच्या निवडणुका घ्या." मी घेतल्या नव्हत्या.

पत्रकार आले. कॅमेऱ्यासमोरही मी तेच म्हणाले, "कुणी केलं ते माहीत नाही. पुराव्याशिवाय मी कुठल्याही देशाचं नाव घेणार नाही."

संध्याकाळपर्यंत 'मी कुठल्याही देशाचं नाव घेणार नाही' एवढंच माझं वाक्य, मागेपुढे कापून, सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. सात रस्ता चौकात रिक्षात बसले तर चालकाच्या मोबाइलवर माझाच आवाज चालू होता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहिली. राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

मग गावाहून आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. त्यांचं मैंदर्गीच्या बाजारात बियाणांचं दुकान आहे.

"काय गं, तू देशाच्या विरोधात बोललीस म्हनायलेत हितं. खरं हाय का?"

"न्हाय आप्पा. कुनी केलं ते माहीत न्हाय, एवढंच म्हनले."

"मग खरंच माहीत न्हाय?"

"न्हाय."

"मग तसंच सांगायचं की! रडतीस कशाला?"

"रडत न्हाय."

"लई चांगलं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढं कॉलेजच्या चर्चासत्राच्या समितीतून माझं नाव वगळलं गेलं. मी विचारायला गेले नाही. वेबसाइट कुणी फोडली ते आजतागायत कळलेलं नाही. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढे 'अज्ञात' कशाला ठेवले? प्रबंध कच्चा वाटतो."

"सर, तिथं अंदाजानं नावं भरली असती तर प्रबंध पक्का दिसला असता, पण खोटा झाला असता. ते बदलणार नाही."

त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पदवी मिळाल्यावर कॉलेजनं सत्कार ठेवला. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'सायबर युद्धतज्ज्ञ' असं लिहिलं होतं. प्राचार्यांनी शाल घातली, माइक हातात दिला. मी म्हणाले, "आभार. फलकावर एक चूक आहे. मी जे तपासलं त्यात हेरगिरी आणि खोड्याच जास्त निघाल्या. त्याला युद्ध म्हणू नका."