कोंबडीवाले मामा

मामा कुणाकडे कामाला निघाले की सायकलच्या हँडलला टोपली, टोपलीत तांबडी कोंबडी आणि तोंडाने अखंड बडबड. ते गवंडी होते. आमच्या एकोडीत आणि आसपास गोबरगॅसच्या टाक्या नव्या नव्या होऊ लागल्या, तेव्हा त्या बांधायच्या आणि तळाशी गाळ बसला की उपसायच्या, हे काम त्यांच्याकडेच आले. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत.

टाकीवरचे लोखंडी झाकण काढले, वरचे शेणपाणी उपसले, तरी मामा लगेच आत उतरत नसत. आधी सगळ्यांच्या काडेपेट्या काढून घेत. मग टोपलीला दोर बांधून कोंबडी पार तळापर्यंत सोडत. ती खाली खुशाल कुरकुरली, तरच शिडी लागे. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. मला हसू आवरेना. मामा म्हणाले, "हास, सूनबाई. खालची हवा तुले दिसत नाही, मले दिसत नाही. कोंबडी तं दिसते ना?"

दुसरा नियम बोलण्याचा. तोच दोर कमरेला बांधून उतरायचे आणि खाली असेपर्यंत बोलत राहायचे. मामांना त्याचे काय कष्ट! तुमसरच्या धानाच्या भावापासून व्याह्याच्या कंजूषपणापर्यंत सगळे ते टाकीतून ऐकवत. "आवाज बंद झाला का दोर ओढा. पण मागं कोनी उतरू नका. एक गेला तं एकच जाऊ द्या," असे हसत हसत सांगत.

आंबागडला एकदा टोपली वर आली, तर कोंबडी मान टाकून पडलेली.  मामा तिला सावलीत नेऊन पोटच्या लेकराला घालावा तसा वारा घालत बसले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि तेव्हापासून ती त्यांची फार लाडकी झाली. "माह्याकडं तं कधी इतकं पाह्यलं नाही," मामी चिडवायच्या.

पुढे मामांच्या स्वतःच्याच टाकीत गाळ बसला. आम्ही शेजारी, म्हणून माझे यजमान मदतीला गेले. मीही मामींजवळ उभी होते.

"कोंबडी नाही आनली?" मामींनी विचारले.

"अंड्यावर बसली आहे बिचारी. तिले कायले उठवू? झाकन सकाळपासून उघडं आहे, वारा लागून राहिला."

ती टोपलीतच बसली होती आणि दोरही टोपलीलाच बांधलेला होता. मामा कमरेला दोर न बांधता तसेच उतरले. जावयाची काहीतरी गंमत सांगत होते. "मंग जावई म्हनते..." एवढेच ऐकू आले.

हसण्यासाठी थांबले असतील, असे मला वाटले. मी हाक मारली. उत्तर नाही. यजमान शिडीकडे धावले, त्यांचा एक पाय आत गेलाही. मामींनी मागून त्यांचा सदरा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडल्या, "उतरू नको! त्यायनं सांगतलं आहे, मागं कोनी उतरू नका!" खाली त्यांचा नवरा पडला होता आणि त्या माझ्या नवऱ्याला सोडत नव्हत्या.  गळ टाकून वर काढेपर्यंत मामा गेले होते.

साऱ्या गावाच्या टाकीत आधी कोंबडी सोडणारा माणूस स्वतःच्या टाकीत असा कसा उतरला? मला आजही पटत नाही. त्यांचा भयंकर राग येतो आणि रागावता रागावता रडू फुटते.

पिल्ले निघाली. मामींनी त्यातले एकही कापू दिले नाही. नंतर कुणाची टाकी उपसायची झाली की मामी स्वतः टोपली, दोर आणि कोंबडी घेऊन जात. कोंबडी धडधाकट वर आली तरी काठावरून हलत नसत. उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर हातात घट्ट धरून म्हणत, "बोलत राय, बापा. मी आयकून राहिली."