साडूसाठी निवडलेली सायकल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की उठून अंगणात जायचो. पण आमच्याकडे कोणी हट्ट केला की अजून माझ्या धाकट्या साडूंचं उदाहरण देतात, मोठ्यांचं ऐकलं नाही म्हणून पडले. ते मोठे म्हणजे मी. हे खोटं आहे. त्यांनी माझं ऐकलं, म्हणूनच ते पडले.

आधी राग कशाचा ते सांगतो. माझ्या मुलीला बघायला कळमेश्वरची मंडळी आली होती. मी तेव्हा सायकलनेच कामावर जायचो. पोहे खाताना साडू मुलाच्या बापाला म्हणाले, "आमच्या भाऊजीइकडून जावयाले सायकल पक्की आहे बरं का. भाऊजीची वापरून झाली की." सगळे हसले. मीही हसलो. कळमेश्वरहून पुढे निरोप आला नाही. मुलीचं नंतर चांगल्या घरी लग्न झालं, पण त्या दिवशी आतल्या खोलीत तिने ते हसणं ऐकलं होतं. ते मी साडूंना माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

निवृत्तीनंतर साडूंनी महाल भागातल्या एका कापड दुकानात काम धरलं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, त्यात डॉक्टरांनी शुगरसाठी व्यायाम सांगितलेला. ऐन पावसाळ्यात ते माझ्या दारात आले. "भाऊजी, तुम्ही सायकलीतले मास्टर. पाण्यापावसात रोज जाणं आहे मले. कोणती घेऊ?"

मी त्यांना सायकलच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने दोन पुढे काढल्या. एक राखाडी, जड, रुंद टायरची, मोठे मडगार्ड, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. दुसरी लाल, बारीक टायरची, चकचकीत लोखंडी रिम आणि रबराचे ब्रेक. ओल्या लोखंडावर रबर धरत नाही. पावसात मी कितीदा चप्पल रस्त्यावर घासत थांबलो आहे. साडू लाल सायकलीची घंटी वाजवत होते.

"हे पाण्यात थांबते ना, भाऊजी?"

"थांबते नं. हलकी आहे, तुमच्या वयाले बरी."

"वय काहून काढता? तुमच्याहून लहानच आहो मी."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

आमच्या सासरी रीत अशी, की नवं वाहन आलं की नारळ फोडायचा आणि पहिली चक्कर मोठ्या जावयाने मारायची. तो बरं म्हणाला तरच वाहन घरात घ्यायचं. साडूंच्या फाटकासमोर रस्ता ओला होता. परतताना मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि सायकल फाटक सोडून बरीच पुढे गेली. मी मुद्दाम पुढे नेली असं सगळ्यांना वाटलं.

"कशी आहे, भाऊजी?" मेव्हणीने विचारलं.

तेव्हाही सांगता आलं असतं. दुकानदार बदलून द्यायला तयार होता. "फर्स्ट क्लास," मी म्हणालो. आणि मला फार बरं वाटलं. मला ते भर बाजारात चिखलात बसलेले पाहायचे होते, लोक हसत असताना.

लोक हसले की नाही, माहीत नाही. उतारावर ऑटो आडवा आला, सायकल थांबली नाही, आणि साडूंच्या खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात ते प्रत्येकाला सांगत, "भाऊजी दुसरी घ्या म्हणत होते, मीच आयकलं नाही." माझ्या सल्ल्याने सायकल घेतली हे कबूल करणं त्यांना कमीपणाचं वाटलं, की ते मला वाचवत होते, हे मला आजही कळलेलं नाही. मी पहिलंच खरं मानलं. ते सोयीचं होतं.

उन्हाळ्यात ते वॉकर धरून चालू लागले. मी एकदा ठरवून गेलो, वाक्य पाठ करून. मला पाहताच म्हणाले, "या, या. माझी नवी गाडी पाहा. चार पायाची, घसरत नाही." आणि तसेच हसले, जसे कळमेश्वरवाल्यांसमोर हसले होते. मेव्हणी चहा ठेवायला आत गेली होती, आम्ही दोघंच होतो. माझं डोकं तापलं. मी त्यांना शुगरचं विचारलं, चहा घेतला आणि निघालो. पुढच्याच पावसाळ्यात ते वारले.

मेव्हणी अजून मला म्हणते, "यायनं तुमचं आयकाले पाहिजे होतं, भाऊजी." मी मान हलवतो.

पाठ केलेलं वाक्य असं होतं: ते ब्रेक पाण्यात लागत नाहीत हे मले माहीत होतं, चूक तुमची नव्हती, मले माफ करा.