घशाच्या संताचं कीर्तन आणि माझा बसलेला घसा

सांगलीच्या ख्रिस्ती मंडळींनी संत ब्लेझ यांच्या सणाला कीर्तनाला बोलावलं आणि मी साताऱ्यात छाती फुगवून फिरू लागलो. हे ब्लेझ फार जुन्या काळचे बिशप, शिवाय वैद्य. घशात माशाचा काटा अडकलेल्या पोराला त्यांनी वाचवलं, म्हणून घशाच्या दुखण्यात लोक त्यांचा धावा करतात. परगावी हे माझं पहिलंच कीर्तन. रंगलं तर पुढची आमंत्रणं, नाहीतर आहेच आपलं गल्लीतलं भजन.

महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून बस मागे बसवलेल्या भट्टीतल्या कोळशाच्या गॅसवर. जाणाऱ्यांनी पांढरे कपडे घालू नयेत आणि मागच्या बाकावर बसू नये. चढ आला की उतरून ढकलावं लागतं, भाडं तेवढंच. मी धूर गिळत अख्ख्या बसला बिशपचरित्र ऐकवत होतो. कऱ्हाडच्या पुढे बस गुऱ्हाळापाशी थांबली. बायको मार्था नको नको म्हणत असताना मी तांब्याभर उसाचा रस प्यालो. सांगलीत उतरलो तेव्हा घशातून नुसती हवा येत होती.

चर्चमध्ये जागा कमी, म्हणून हळदीचे मुसलमान व्यापारी गुलाबचाचा यांनी आपल्या वखारीचं अंगण दिलं होतं. चाचांनी हळद-दूध पाजलं, मी संतांचा धावा केला. कशानंही गुण येईना. अंगण भरत चाललं आणि मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

मार्थानं माझ्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला, टाळ माझ्या हातात दिले आणि पुढे उभी राहिली. घरची तालीम ऐकून तिला सगळं पाठ होतं. गुहेत राहणारे बिशप, त्यांच्याकडे औषधाला येणारी रानातली जनावरं, शिपाई बांधून नेत असताना वाटेत वाचवलेलं ते पोर. लोक चिडीचूप ऐकत होते. मग विधवेची गोष्ट आली. तिचं डुक्कर लांडग्यानं पळवलं आणि बिशपांनी ते त्याला परत आणायला लावलं, असं चरित्रात आहे. मार्थानं पहिल्या रांगेतल्या चाचांकडे पाहिलं आणि डुकराची शेळी केली. मी मागून टाळ आपटून निषेध नोंदवला. लोकांना वाटलं, कीर्तनाला रंग चढला.

उठताना रजेवर आलेला एक जवान सोबत्याला म्हणाला, "बाई लय भारी सांगत्यात गड्या. आन् मुका टाळकरीबी झ्याक हाय."

परतीच्या बसमध्ये मी कसाबसा कुजबुजलो, "ते डुक्कर होतं."

"आवं, ज्यांच्या अंगनात उभं ऱ्हायचं, त्यांच्यापुढं डुकराचं नाव घ्यायचं व्हय? बिशप सोता असते तरी शेळीच म्हनले असते."

तेवढ्यात चढ आला आणि मी बस ढकलायला उतरलो.

आता घसा ठणठणीत आहे. तासगावाहून, वाळव्याहून आमंत्रणं येतात: शेळीचं कीर्तन करणाऱ्या बाईंना पाठवा. मीही जातो, टाळ धरायला. शेळी आली की ते जोरात आपटतो, कारण लोक त्याचीच वाट बघत असतात.