पुरेसा उजेड

आमच्या सेक्टरच्या रहिवासी समितीत मी शिरले ती एका फुटक्या कमोडमुळे.

नवीन पनवेलमध्ये राहत्या घरीच मी दहावी-बारावीच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवते. आमच्या इमारतीपासून मुख्य रस्त्याकडे जाणारा एक छोटा रस्ता आहे आणि त्याला लागून मोठा मोकळा प्लॉट. त्यावर गंजलेली पाटी होती, 'उद्यानासाठी राखीव'. उद्यान काही उगवलं नाही. कुणी घराची तोडफोड केली की जुन्या फरशा, विटा, संडासाची भांडी टेम्पोत भरून तिथे ओतली जायची. रस्त्यावरचे दिवे तर केव्हाच डोळे मिटून बसले होते, त्यामुळे टेम्पोवाल्यांना कुणाची लाज बाळगायचं कारण नव्हतं.

एका संध्याकाळी मुलींना कोपऱ्यापर्यंत सोडून परत येताना मी त्या कमोडवर आपटले आणि मनगट मुरगळलं. कळ सोसवली, पण पडले कशावर हे सांगताना जीव जायचा. डॉक्टरांना मी 'दगड' म्हणाले. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष विचारपूस करायला आले, त्यांना मात्र खरं सांगून बसले.

अध्यक्षांना सगळे चाचा म्हणतात. ते मूळचे उरणकडचे कोकणी मुसलमान. उभी हयात कुवेतमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून काढून ते परत आलेत. माझ्या बांधलेल्या हाताकडे त्यांनी हळहळून पाहिलं आणि लगेच खिशातून पेन काढलं. पुढच्या अर्जात मी 'आमच्या एक शिक्षिका भगिनी शौचपात्रास धडकून जखमी' अशी अमर झाले. मी भांडायला गेले तर म्हणाले, "अर्ज तर गेला, बाई. आता तुम्हीच समितीत या आणि पुढचा तुमच्या मर्जीने लिहा."

अशी मी सचिव झाले.

उपाध्यक्ष होत्या ताई. शेजारच्या गावातल्या आगरी. तो प्लॉट एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होता. आता त्यांच्या गावात दोन इमारती आहेत आणि मीटिंगला त्या स्वतः मोठी गाडी चालवत येतात. त्यांच्यापुढे माईक ठेवला तर तो बाजूला सारतात. गरजच नसते.

आमची अडचण अशी होती की रस्ता एका ऑफिसचा, प्लॉट दुसऱ्याचा आणि दिव्यांचे खांब नेमके दोघांच्या मधल्या पट्ट्यात. दोन्ही ऑफिसांत चहा चांगला मिळायचा आणि दोन्हीकडे दुसऱ्या ऑफिसचा पत्ता मिळायचा. शेवटी एकदाचं रस्त्याच्या ऑफिसचं उत्तर आलं. चाचांनी ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं, "प्रत्यक्ष पाहणीत सदर रस्त्यावर पुरेसा उजेड आढळून आला."

"पाहणी केली कधी?" मी विचारलं.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने त्या ऑफिसच्या इंजिनिअर साहेबांना येताना पाहिलं होतं. भर सकाळी, गॉगल लावून.

"वाळवंटात उंट रस्ता ओलांडतात म्हणून तिकडे खांबाला खांब लागून दिवे," चाचा म्हणाले. "आणि इथे माणसं ओलांडतात तर ही हालत."

साहेबांना अंधार पडल्यावर आणायचं कसं, यावर बराच वेळ खल झाला. ऑफिस सुटल्यावर पाहणीला कोण येतं? ताई शांतपणे म्हणाल्या, "पाहनीला नाय येनार. सत्काराला येतील."

मग दिवाळीआधी आम्ही त्याच रस्त्यावर महिलांची रांगोळी स्पर्धा ठेवली. परीक्षक आणि प्रमुख पाहुणे, इंजिनिअर साहेब. बायकांनी दुपारीच रांगोळ्या काढायला घ्यायच्या आणि पाहुण्यांनी साडेसहाला यायचं. तोवर काळोख होतो आणि सरकारी पाहुणा उशीरच करतो, असा आमचा पक्का हिशेब.

साहेब पाचलाच आले.

"इकडेच एक काम होतं, लवकर आटपलं," ते हसून म्हणाले. चाळिशीतला, जरा लाजरा माणूस. ऊन लख्ख होतं. रांगोळ्या इतक्या सुरेख दिसत होत्या की मला रडू यायचं बाकी राहिलं. साहेब म्हणाले, "वा! करू या का सुरुवात?"

"आधी चहा," ताई म्हणाल्या.

चहा झाला. मग दुसरा चहा झाला. मग चाचांनी प्रास्ताविक सुरू केलं. ते एअरपोर्टवर उतरल्यापासून कुवेतमध्ये पहिली नोकरी लागेपर्यंत पोचले तेव्हा उन्हं कुठे इमारतीमागे गेली होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ताईंनी घरून डबा मागवला, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. साहेब म्हणाले, "मी शाकाहारी आहे हो."

"मग वांग्याचं भरीत हाय ना. आमी काय तुमाला उपाशी पाठवनार?"

भरीत गावातून येईपर्यंत आणि साहेबांनी ते संकोचून खाईपर्यंत आणखी वेळ गेला. अजून आभाळात लाली होती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि रांगोळीच्या पुडीवर बोलू लागले. शिरगोळ्याचा दगड, तो कसा दळतात, त्यात रंग कसे मिसळतात, कुठला रंग उन्हात उडतो. माझ्या बारावीच्या मुली मागे बसल्या होत्या. वर्गात त्या इतक्या मन लावून कधीच ऐकत नाहीत. साहेब जांभई गिळत होते. शेवटी मला समोरच्या माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, तेव्हा मी थांबले.

"चला साहेब," चाचा म्हणाले, "आता परीक्षण."

साहेबांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाकून पाहू लागले. "हा हत्ती छान जमलाय."

"गणपती आहे तो," एक बाई कुरकुरल्या.

पुढच्या रांगोळीशी ते गेले आणि लगेच आमच्या इमारतीतल्या आजींचा आवाज आला, "अहो, मोराच्या पोटात पाय दिलात!" साहेब दचकून मागे सरले. मागे फुटक्या फरशांची गोण होती. ते तिच्यावरच बसले. जोरात नाही, पण बसले.

कुणी हसलं नाही. साहेबांनी बसल्या बसल्या टॉर्च फिरवला. डेब्रिजचा ढीग, मेलेले खांब, मग ओळीने उभे राहिलेले आम्ही. त्यांच्या लक्षात येत होतं, ते आम्हाला दिसत होतं.

"पुरेसा उजेड आढळून आला," ते स्वतःशीच म्हणाले. "हे मीच लिहिलं ना?"

"सकाळी लिहिलंत, साहेब," मी म्हणाले. "सकाळी असतोच."

एक क्षण मला वाटलं, हा आता उठून तरातरा जाणार आणि आमचा अर्ज जन्मभर अडगळीत पडणार. पण त्यांना हसू फुटलं. लाजरा माणूस एकदा हसायला लागला की आवरत नाही, तसं. ताईंनी हात देऊन त्यांना उठवलं आणि म्हणाल्या, "सत्कार बाकी हाय अजून. चला."

शाल, श्रीफळ झालं. टॉर्चच्या उजेडात त्यांनी एका रांगोळीला पहिला नंबर दिला, 'आधुनिक, धाडसी मांडणी' म्हणून. सकाळी पाहिलं तर ती अर्धवट होती. काढणाऱ्या बाई मधेच दूध तापवायला घरी गेल्या होत्या. बक्षीस मात्र त्यांनी परत केलं नाही.

खांब कुणाचे हा प्रश्न तसाच ठेवून साहेबांनी संक्रांतीच्या आत दिवे लावून दिले. त्यातला एक थेट चाचांच्या बेडरूममध्ये पडतो. चाची म्हणतात, अर्ज करा. चाचा म्हणतात, माझ्याच दिव्याविरुद्ध कुठल्या तोंडाने करू? त्यांनी जाड पडदा शिवून घेतला. माझ्या मुली पूर्वी क्लास सुटला की घोळक्याने पळत घरी जायच्या. आता दिव्याखाली गप्पा मारत उभ्या राहतात आणि त्यांच्या आया मला फोन करतात. टेम्पो आमच्याकडे यायचे बंद झाले आणि शेजारच्या सेक्टरमध्ये जाऊ लागले. तिथली समिती आमच्याशी भांडायला आली होती, ती रांगोळी स्पर्धेची माहिती घेऊन गेली.

उन्हाळ्यात प्लॉटच्या ऑफिसनेही डेब्रिज उचललं आणि उद्यानात काय हवं ते कळवा म्हणून विचारलं. त्या मीटिंगला आमची समिती पहिल्यांदाच फुटली. चाचांना चालायला गोल ट्रॅक हवा होता. मला बाकं आणि मुलींना बॅडमिंटनचं कोर्ट हवं होतं. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक कोपरा मना द्या. भात लावीन."

"उद्यानात भात?" चाचा ओरडले.

"का? बघायला काय वाईट दिसतो?"

ठराव अजून झालेला नाही. परवा पुन्हा बसतोय.