पाणी सुटलं त्या रविवारी

वच्छलाबाईंनी आपल्या परीनं सगळा बंदोबस्त केला होता. रविवारी सकाळी दार वाजवायचं नाही, म्हणून गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं होतं. बेलची वायर काढून ठेवली होती. कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून डाळ पहाटेच शिजवून घेतली होती. नवऱ्याला, म्हणजे कुंडलिकरावांना, आदल्या दिवशीच वैरागला शेतावर पिटाळलं होतं, कारण त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

परीक्षा होती मुलीची, ऋतुजाची. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करायची. कुणाची यंत्रणा बंद पडली की हिचा फोन वाजे, मग तो जेवताना वाजो की आंघोळीला जाताना. आता कंपनीनं क्लाउडचं नवं खातं काढलं होतं. महिनाअखेरीपर्यंत नेटवर्किंगची ही परीक्षा जे पास होतील त्यांना तिकडे घेणार होते. बाकीच्यांचं काय, असं ऋतुजानं विचारलं, तेव्हा साहेब ‘बघू’ म्हणाले होते. ‘बघू’चा अर्थ वच्छलाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

गेले कित्येक आठवडे पोर भाकरीचा तुकडा हातात धरून स्क्रीनकडे बघत बसायची. शेंगाची चटणी ताटात तशीच वाळून जायची. काम संपलं की अभ्यास, आणि अभ्यासाला बसली की पुन्हा कामाचा फोन. मदत करायची म्हणून वच्छलाबाई सरावाचे प्रश्न वाचून दाखवायच्या. बी.ए.ला इतिहास घेतलेला. इंग्रजी वाचता यायचं, पण वाचलेल्याचा अर्थ लागायचा नाही. ऋतुजानं ‘क’ म्हटलं की त्या मागचं पान उलटून उत्तर बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या. चुकलं तर का चुकलं, हे काही सांगता यायचं नाही. लहानपणी हिचे पाढे, हिच्या कविता त्यांनीच पाठ करून घेतल्या होत्या. आता त्या मान हलवण्यापुरत्या उरल्या होत्या.

एकदा न राहवून त्यांनी विचारलं, हे नेमकं असतं तरी काय? ऋतुजा हसली. गल्लीत पाणी कुठल्या लाईननं येतं, कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुणाचा नळ कोरडा पडतो, तसंच, म्हणाली. फक्त पाण्याच्या जागी माहिती. वच्छलाबाईंना ते फार आवडलं. शेजारच्या ईरम्मांना त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. ईरम्मा म्हणाल्या, “मग पोरीला म्युन्सिपालटीत लावा की ओ. आमचं पाणी तरी वेळेवर येईल.”

परीक्षेचं केंद्र गाठायचं तर पुण्याला जावं लागणार होतं आणि रजा मिळत नव्हती. म्हणून घरातूनच द्यायची ठरली. नियम मात्र कडक. खोलीत दुसरं कुणी नको, कुणाचा आवाज नको, फोन बाहेर ठेवायचा, जागेवरून उठायचं नाही. कॅमेऱ्यातून कुणीतरी सतत बघत असणार; मध्येच नेट तुटलं तर परीक्षा तिथंच बंद. वाचताना ओठसुद्धा हलवायचे नाहीत. ओठ हलवून वाचायची सवय वच्छलाबाईंनीच तर लावली होती. ‘मोठ्यानं वाच, म्हणजे डोक्यात राहतं.’

एक काळजी तेवढी हातात नव्हती. शुक्रवारी येणारं पाणी आलंच नव्हतं. मोठी लाईन कुठंतरी फुटली होती म्हणे. हौदाचा तळ दिसत होता. रविवारी पाणी आलं तर काय, असं ऋतुजानं विचारलं, तेव्हा त्या ठसक्यात म्हणाल्या होत्या, “आलं तर आलं. मी हाय की!”

सकाळी ऋतुजाच्या खोलीचं दार बंद झालं. वच्छलाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिल्या. पंख्याच्या घरघरीचाही त्यांना राग येत होता. थोड्या वेळानं मागच्या भिंतीपलीकडे ईरम्मांचं डोकं दिसलं. दार वाजवायची बंदी त्या इमानानं पाळत होत्या. तोंडातून अक्षर न काढता त्यांनी रिकामी कळशी उंच धरली आणि नळाकडे बोट दाखवलं.

पाणी सुटलं होतं.

वच्छलाबाई अनवाणीच मागं धावल्या. हौदाचं झाकण सरकवलं, पाईप आत सोडला, आवाज होऊ नये म्हणून बादलीची कडी हातानं धरून ठेवली. सगळं कसं जपून, मांजराच्या पावलानं. आणि दुसऱ्या हातानं मोटरचं बटण दाबलं. गेली कित्येक वर्षं पाणी आलं की तो हात तिकडेच जायचा; त्याला सांगावं लागत नव्हतं. गल्लीत एव्हाना सगळ्यांच्याच मोटरी लागल्या होत्या. व्होल्टेज पार पडलेलं. मोटर नुसती हुंकारली, फिरलीच नाही, आणि मीटरजवळचा खटका खाडकन पडला.

पंखा थांबला. पुढच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डब्याचे हिरवे दिवे गेले.

मोटर बंद करून त्यांनी धावत जाऊन खटका वर केला. लाईट आली. दिवे मात्र एकेक करून सावकाश लागत होते, आणि वच्छलाबाई हात जोडल्यासारख्या त्या डब्यासमोर उभ्या होत्या. शेवटचा दिवा लागला, तरी त्या बंद दारातून आवाज येईना. आत जावं तर नियम मोडतो, न जावं तर जीव राहत नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं.

“आई, मोटर लावलीस?”

त्यांनी मान हलवली.

ऋतुजा रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त चष्मा काढून डोळे चोळले.

“परत बसता येईल ना गं?”

“तक्रार नोंदवलीय. परीक्षावाले बघू म्हणाले.”

महिना संपायला किती उरलंय, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“पाणी हाय का अजून?” ऋतुजानं विचारलं.

“हाय. पण बारीक.”

सलवार पोटरीपर्यंत दुमडून ती मागं गेली आणि नळाखाली बसली. मोटरला हात लावायची आता वच्छलाबाईंची छाती नव्हती. बादली भरली की ऋतुजा ती मागं सरकवायची, त्या हौदात रिकामी करून परत आणून ठेवायच्या. पलीकडून ईरम्मांनी हातानंच विचारलं, झाली का परीक्षा? वच्छलाबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या पोरीकडे बघत होत्या. धारेवर नजर लावून ती बसली होती आणि तिचे ओठ भराभर हलत होते. राहिलेले प्रश्न ती सोडवत असावी. उत्तर बरोबर येतंय की नाही, हे बघायला त्यांच्याजवळ मागचं पानही नव्हतं.